बारकीचं विमान आणि माझा उजवा पाय

तीर्थस्वरूप अक्का हिच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग लिहिलं आहे खरं, पण डावा गुडघा वाकत नसल्यामुळे सातच अंगं टेकली आहेत. आठवं तू आलीस की समक्ष टेकवीन. तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस, की अजून भाडेकरूंवर ओरडूनच दाब उतरवतेस? आणि मान? मागच्या खेपेला मी तुला आमच्या शिकवायच्या गाडीतून घरी आणत होतो, तेव्हा वाटेत एक कुत्रं दिसलं (रस्ता ओलांडायचा त्याचा विचारही नव्हता, ते झोपलेलं होतं) आणि तू ‘अरे अरे अरे!’ करत एका हातानं स्टिअरिंग धरलंस आणि दोन्ही पायांनी शेजारच्या ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिलीस. कुत्रं वाचलं, आपण वाचलो, कोपऱ्यावरच्या चांभाराची छत्री तेवढी वाचली नाही. तेव्हापासून तुझी मान ड्रायव्हरच्या बाजूला वळते आणि परत येत नाही, असं तू लिहिलं होतंस. गरम पाण्याची पिशवी ठेवत जा. इकडे सगळे सुखरूप. तुझ्या भावजयीची नडगी आता बरी आहे. निळं होतं ते पिवळं झालंय, म्हणजे उतारच म्हणायचा.

तू मागच्या पत्रात दटावून विचारलं होतंस की बारकीच्या पायलट व्हायचं काय ठरलं, कंपनीच्या पैशानं शिकणार की घरच्या, ते एका ओळीत कळव, पाल्हाळ नको. (निवृत्त झाली तरी मुख्याध्यापिका ती मुख्याध्यापिकाच.) अक्का, एका ओळीत मावण्यासारखं असतं तर मी पोस्टकार्डावर भागवलं नसतं का? इथं काय काय घडलं ते क्रमानं सांगितल्याशिवाय तुला शेवट खरा वाटायचा नाही. मलाच अजून वाटत नाही. तेव्हा चष्मा लाव, पाय वर घेऊन बस आणि वाच.

सुरुवात नडगीपासून करतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. जन्मभर मी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि माझ्या उजव्या पायाखाली दुसरा ब्रेक. शिकणाऱ्याला वाटतं गाडी तोच चालवतोय. तसं वाटू द्यायचं आणि वेळ आली की पाय दाबायचा, हाच आमचा धंदा. पण पाय हा मूर्ख अवयव आहे. गाडी आणि बाकीचं जग यातला फरक त्याला कळत नाही. मी बसमध्ये दाबतो, न्हाव्याच्या खुर्चीत दाबतो (वस्तरा गळ्याशी आला की हटकून), सिनेमात नायकाचा पाय घसरला की दाबतो आणि मग पुढच्या खुर्चीवरचा माणूस मागं वळून बघतो. झोपेत दाबतो तेव्हा तिथं तुझ्या भावजयीची नडगी असते. तिनं मधे उशी ठेवून पाहिली. उशीतला कापूस बाहेर आला.

आणि बारकी याच गाड्यांमध्ये वाढली. आमच्या दोन गाड्या, थोरली आणि धाकटी. त्यांच्या मागच्या सीटवर बसून हिनं शाळेचा अभ्यास केला आणि पुढं बसलेले लोक कसे घाबरतात ते पाहिलं. म्हणूनच की काय, ती स्वतः घाबरत नाही. ती गाडी शिकली तेव्हा शेजारी मीच होतो आणि पहिल्या दिवसापासून एकदाही पाय दाबायची वेळ आली नाही. (दाबला मी, पण वेळ आली नव्हती.) अशी ही पोर एके दिवशी जेवताना म्हणाली, मला पायलट व्हायचंय. माझा पाय टेबलाखाली सटकन पुढं गेला, टेबलाच्या पायाला लागला आणि पाण्याचा जग तिच्या ताटात उपडा झाला. तिनं ताट शांतपणे उचललं, मोरीत रिकामं केलं, पुन्हा वाढून घेतलं आणि पुढचं वाक्य बोलली, की मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग असा की विमान कंपनीच शिकवते. खर्च तिचा, गणवेश तिचा, विमानं तिची, आणि शिकून झाल्यावर पोरगीही तिचीच. बाँड नावाचा कागद असतो. त्यावर सही केली की केस पिकायला लागेपर्यंत दुसऱ्या कंपनीच्या विमानाकडे मान वर करून बघायचं नाही. शिवाय मधेच कंपनीला वाटलं की हिच्यात काही दम नाही, तर अर्ध्या वाटेत उतरवून देतात. (जमिनीवर असतानाच उतरवतात, असा खुलासा कंपनीच्या बाईंनी नंतर केला.) दुसरा मार्ग असा की पैसे आपले. कुठंही शिका, कुणाकडेही नोकरी करा, कुणी ‘का’ म्हणणार नाही. पण कुणी ‘ये’ असंही म्हणणार नाही. लायसन हातात घेऊन घरी बसायची वेळ आली, तर ते लायसन जिवंत ठेवायलासुद्धा अधूनमधून पदरचे पैसे मोडून विमान उडवत राहावं लागतं. म्हणजे दारात हत्ती बांधण्यापैकी; कामावर नसला तरी खायचा थांबत नाही.

तुझी भावजय (जी आमच्या स्कूलचं ऑफिस सांभाळते आणि म्हणून मला हाताखालचा समजते) पहिल्यापासून कंपनीच्या बाजूची. ती म्हणाली, अहो, लोक पोरीला शिकवायला नाही म्हणतात, इथं कंपनी पायघड्या घालतेय आणि तुम्ही पायात पाय घालताय. मी घरच्या पैशाच्या बाजूचा. माझं म्हणणं, कंपनीच्या खर्चानं शिकणं म्हणजे घरजावई होणं. जेवण वेळेवर मिळतं, पण मीठ जास्त झालं म्हणायची सोय नसते. ती म्हणाली, आणि घरच्या खर्चानं शिकणं म्हणजे स्वतःचं घर बांधणं. कर्ज आपलं, गळती आपली, आणि वर ‘बघा आमचं घर’ म्हणून पाहुण्यांना गच्चीवर न्यायचं. असं आमचं रोज चाले. पण तुला म्हणून सांगतो, माझ्या मनात खरं काय होतं ते घरजावई-बिरजावई नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की माझी पोरगी कुठंतरी जाणार आणि दुसरा ब्रेक कुणा परक्याच्या पायाखाली असणार. या विचारानं जेवण जात नव्हतं.

आमचे मास्तर, म्हणजे स्कूलमधले जुने शिकवणारे, यांनी मधला मार्ग सुचवला. उडायचं कंपनीच्या खर्चानं शिकावं आणि उतरायचं घरच्या खर्चानं, म्हणजे पोरगी हवेत असेपर्यंत कंपनीची आणि जमिनीला टेकली की आपली. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की आम्ही दोघं थोडा वेळ त्यावर खरोखरच भांडलो. बारकी यातल्या कशातही पडली नाही. ती फक्त एकदा म्हणाली, आधी तुमच्या दोघांचं विमान खाली उतरू दे, मग माझं बघू.

तर मी ठरवलं की बोलत बसण्यापेक्षा पैशाची सोय करून मोकळं व्हावं, आणि बँकेत गेलो. तिथला साहेब माझाच जुना विद्यार्थी. रिव्हर्स घेताना त्यानं मैदानातला पत्र्याचा ड्रम इतक्या वेळा पाडला होता की आमच्या घरात त्याचं नाव अजून ड्रमसाहेब आहे. माणूस भला. म्हणाला, सर, कर्ज देतो, पण तारण म्हणून तुमचं शिकवायचं मैदान बघावं लागेल. आणि मला स्वतःच्या नव्या गाडीत घालून मैदानावर घेऊन आला. गाडी लावताना त्याला वाटलं, जुने सर शेजारी आहेत, आपण सुधारलो हे दाखवावं. त्यानं रिव्हर्स टाकला. अक्का, इतकी वर्षं झाली, बढत्या झाल्या, टक्कल पडलं, पण तो माणूस अजून मागं बघायच्या ऐवजी पुढं बघून मागं जातो. ड्रम जवळ आला आणि माझा पाय गेला. त्याच्या गाडीत तिथं ब्रेक कुठला असणार? पाय खालची झाकणी फोडून आत गेला, कसल्याशा तारा तुटल्या, कसल्याशा जोडल्या गेल्या आणि हॉर्न सुरू झाला तो थांबेचना.

त्या हॉर्नमध्येच आमची कर्जाची बोलणी झाली. ड्रमसाहेब माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, पोरगी शिकली आणि नोकरी लागली नाही तर? मी ओरडलो, लागेल! ते ओरडले, पण नाही लागली तर? आणि नेमका तेव्हाच हॉर्न बंद पडला, त्यामुळे पुढचं वाक्य, ‘तर हे मैदान बँकेचं!’, हे मैदानावरच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी, मास्तरांनी आणि भिंतीपलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी स्पष्ट ऐकलं. ड्रम अर्थातच पडलेला होता. मी घरी आलो आणि पहिल्यांदाच नीट विचार केला. मैदान गेलं तर रिव्हर्स शिकवायचा कुठं? की आता आमच्या स्कूलमधून फक्त पुढं जाणारे ड्रायव्हर बाहेर काढायचे? तुझी भावजय काही बोलली नाही. ती जेव्हा बोलत नाही तेव्हा तिचं म्हणणं जास्त पटतं, हा माझा जुना अनुभव आहे.

इतक्यात कंपनीचं बोलावणं आलं. बारकी त्यांच्या सगळ्या परीक्षांतून पार झाली होती आणि आता शेवटची चाचणी राहिली होती. त्या दिवशी पालकांनाही बोलावतात, कारण पोरांच्या आधी पालकच बाँडवर सही करायला घाबरतात. आम्ही गेलो. चकचकीत फरशी, इतका बुटका सोफा की त्यात बसलेला माणूस उठायच्या आधी सगळ्याला हो म्हणून टाकेल, आणि कागदी पेल्यातून चहा. प्रशिक्षण खात्याच्या बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवून सगळं समजावलं आणि कुणाला काही विचारायचं आहे का म्हणाल्या. बाकीच्या पालकांनी पगार विचारला, सुट्या विचारल्या. मी उभं राहून (म्हणजे दोघांनी हात देऊन उभं केल्यावर) विचारलं, पायलटच्या शेजारी कोण बसतं? बाई म्हणाल्या, दुसरा पायलट. मी विचारलं, त्याच्या पायाखाली ब्रेक असतो? बाई म्हणाल्या, असतो की. अक्का, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे वर आभाळातसुद्धा आपलीच पद्धत! मी खाली बसलो आणि तुझ्या भावजयीला म्हटलं, मला कंपनी पसंत आहे. ती म्हणाली, हळू बोला, तुमची सोयरीक नाही जुळवायला आलो आपण.

चाचणी खोट्या विमानात असते. (त्याआधी उमेदवारांना काही दिवस त्यातच शिकवून घेतात.) म्हणजे एक मोठी खोली, आत विमानाचं अस्सल नाक, खऱ्या बटणांचं, आणि काचेबाहेर चित्रातलं आभाळ. खोली हलते, कलते, आणि पोटाला मात्र ते चित्र आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. परीक्षक होते एक भरघोस मिशांचे कप्तान. एका सीटवर बारकी बसली. मागं पालकांसाठी दोन घडीच्या खुर्च्या होत्या. पण माझा ब्रेकचा प्रश्न कप्तानांच्या कानावर गेला होता, आणि त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मला बारकीच्या शेजारच्या सीटवर बसवलं. पट्टे आवळले आणि बजावलं, कशालाही हात लावायचा नाही. पायाबद्दल ते काही बोलले नाहीत, हे मी तुला शपथेवर सांगतो.

बारकीनं विमान उडवलं, वळवलं, ढगातून नेलं. सुरेख. मी दोन्ही हात काखेत घालून बसलो होतो. मग खाली धावपट्टी दिसू लागली. ती लहान होती ती मोठी झाली, मग फार मोठी झाली, मग आमच्या अंगावरच आली. चाकं टेकली, खोली हादरली, आणि माझ्या उजव्या पायानं जन्मभराचं काम केलं. आता यात एक तांत्रिक बाब आहे, ती मला तोवर कुणी सांगितली नव्हती. विमानात ब्रेक दोन पायांचे दोन असतात. उजव्या पायाचा उजव्या चाकांना, डाव्याचा डाव्यांना. ज्यानं आयुष्यभर एकाच पायानं गाड्या थांबवल्या त्याला हे कसं माहीत असणार? विमानानं उजवीकडे जी मान टाकली ती थेट धावपट्टी सोडून गवतात. समोर विमानतळाची इमारत, तिच्या खिडक्या, खिडक्यांत उभी असलेली चित्रातली माणसं (त्यातला एक हात हलवत होता), सगळं आमच्याकडे धावत आलं. मागं तुझ्या भावजयीनं हाताला लागेल ते घट्ट धरलं. ती कप्तानांची मिशी होती, हे नंतर कळलं. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी काय करतो ते तुला माहीत आहे. मी आणखी दाबला.

बारकी ओरडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. शांतपणे म्हणाली, ‘बाबा, पाय.’

आणि पाय निघाला. जो पाय डॉक्टरांचं ऐकत नाही, बायकोचं ऐकत नाही, उशीला दाद देत नाही, तो मुकाट्यानं बाजूला झाला. तिनं विमान सावरलं, गवतातून वळवून परत धावपट्टीवर आणलं आणि पांढऱ्या रेघेवर आणून उभं केलं, जसं मी धाकटी गाडी रोज मैदानात उभी करतो तसं. मग खोलीतले दिवे लागले. मला वाटलं, झालं. जन्मभर लोकांना अपघातापासून वाचवलं आणि पोटच्या पोरीचा अपघात स्वतःच्या पायानं केला. बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. तुझी भावजय भिंतीकडे तोंड करून बसली होती. बारकीनं मशीनमधून चहा आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, साखर कमी आहे, ढवळून घ्या. अक्का, तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात कप्तान आले, एक मिशी वर आणि एक खाली. मी उठून हात जोडले. त्यांनी माझे जोडलेले हात हातात घेतले आणि गदागदा हलवले. म्हणाले, इतकी वर्षं मी उमेदवार तपासतोय. वादळ दिलं, धुकं दिलं, इंजिन बंद पाडून दिलं, पोरं सगळं पाठ करून येतात. पण शेजारच्या सीटवरून सख्खा बाप जिवावर उठेल, याची तयारी करून कोण येणार? तुमची मुलगी नुसती पास नाही, वर्गात पहिली. मी हसावं की रडावं या विचारात असताना ते पुढं म्हणाले, की तुम्ही मात्र आम्हाला पाहिजेत. नोकरीला! काम एवढंच, की उमेदवाराच्या शेजारी बसायचं आणि मनाला येईल तेव्हा पाय दाबायचा. पदाचं नाव व्यत्यय अधिकारी. पगार ऐकून तुझी भावजय भिंतीकडून इकडे वळली.

नमुना म्हणून मी एक दिवस जाऊनही आलो. जाकीट दिलं, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा दिला. सकाळपासून एकेक उमेदवार येई, छान उतरे, आणि मी त्याला गवतात घाली. एकजण रडला. एकीनं मला असं काही सुनावलं की तुझी आठवण झाली. एकानं तर हात सोडून डोळे मिटून घेतले, त्याला कप्तानांनी प्रेमानं घरी पाठवलं. आणि दर खेपेला मागून कप्तान म्हणत, वा! ज्या पायानं आजवर फक्त शिव्या खाल्ल्या, त्याला त्या दिवशी टाळ्या मिळाल्या. इतका सुखाचा दिवस मला आठवत नाही.

संध्याकाळी बाईंनी नियम सांगितला. कंपनीत नोकरीला असलेल्यांच्या मुलांना कंपनीच्या खर्चानं शिकता येत नाही. तसं केलं तर वशिला दिसतो. म्हणजे मी नोकरी धरली तर माझ्या पगारातून बारकीनं घरच्या खर्चानं शिकायचं, आणि नाही धरली तर कंपनीच्या खर्चानं. आता घरात काय झालं असेल ते बघ. घरच्या पैशाचा कैवारी मी, तो कंपनीचा भोक्ता झालेला. आणि कंपनीवर लट्टू असलेली तुझी भावजय आता म्हणू लागली, की चांगला पगार चालून आलाय तर घ्या आणि पोरीला शिकवा की स्वाभिमानानं. दिवसभर भांडल्यावर लक्षात आलं, की आमच्या बाजू अदलाबदल झाल्या आहेत. मी घरजावयाची तारीफ करत होतो आणि ती गच्चीची. एकमेकांचे मुद्दे आम्हाला इतके पाठ झाले होते की आपापल्यापेक्षा ते जास्त चांगले मांडता आले.

असो. निकाल असा, की मी नोकरी नाकारली. कारणं साधी आहेत. तिथला चहा पाणचट, सोफा बुटका, आणि या वयात गळ्यात पट्टा अडकवून हिंडणं मला शोभत नाही. बारकी कंपनीच्या खर्चानं शिकणार. बाँडवर मीच सही केली. ती पुढच्या आठवड्यात जाते. मैदान आपल्याकडेच राहिलं, ड्रम मास्तरांनी ठोकून गोल केलाय. अशी ही तुझी एक ओळ. भावजयीचा तुला नमस्कार, मास्तरांचाही. मानेला जप, भाडेकरूंना जप, आणि पत्राचं उत्तर लगेच पाठव.

तुझा आज्ञेतला (बहुतेक वेळा),
धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मी नाही म्हटल्यावर कप्तान फार खिन्न झाले. विचारू लागले, तुमच्यासारखं दुसरं कुणी आहे का? अक्का, मी तुझं नाव दिलं. रागावू नकोस, आधी ऐक. मी त्यांना त्या झोपलेल्या कुत्र्याची हकीकत सांगितली, चांभाराच्या छत्रीसकट. ते म्हणाले, एका हातानं स्टिअरिंग आणि दोन्ही पायांनी ब्रेक? म्हणजे विमान वाकडं जाणार नाही, जागच्या जागी नाक टेकेल. हे तर आजवर कुणी करून दाखवलेलं नाही. वर ‘अरे अरे अरे’ फुकट. नियमात मुलं बसतात, भाचीचा उल्लेख नाही, हे मी बाईंकडून दोनदा वाचून घेतलं. तुला मंगळवारी बोलावलंय. हो म्हण. इथं आमच्याकडेच राहा. बारकी गेल्यावर घरात एक खोली रिकामी पडणार आहे, आणि त्या खोलीचं काय करायचं ते आम्हा दोघांना कळत नाहीये.

ता. क. २. पात्रतेच्या रकान्यात ‘मान कायम ड्रायव्हरच्या बाजूला वळलेली’ असं मी लिहिलं आहे. औषधपाणी चालू असेल तर मंगळवारपर्यंत थांबव.

ता. क. ३. आत्या, मी बारकी. बाबांनी पाकीट पोस्टात टाकायला दिलं आणि चिकटवायला विसरले, म्हणून वाचलं. चहाचं खोटं आहे. त्या दिवशी ते तिथं चार पेले पिऊन आले आणि आईला विचारत होते, की असा चहा घरी का होत नाही. कंपनीनं जाकीट परत मागवलं तेव्हा त्यांनी ते स्वतः इस्त्री केलं, आणि एक बटण सैल होतं ते शिवून मग पाठवलं. नोकरी त्यांनी माझ्यासाठी सोडली. मला हे कळलंय, हे त्यांना कळू देऊ नकोस. आणखी एक. काल मी बॅगेचं वजन केलं तर ते जास्त भरलं, म्हणून सगळं उपसलं. तळाशी स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलेलं ‘थोरली’च्या दुसऱ्या ब्रेकचं पायडल सापडलं. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझे चांगले बूट बाहेर काढून ठेवले आणि बॅग बंद केली.

ता. क. ४. पुन्हा मी, धाकटा. तुला बसची वेळ कळवायची राहिली होती, म्हणून बारकीनं चिकटवून दाराशी ठेवलेलं पाकीट किटलीच्या वाफेवर धरून उघडलं. वरचं तू वाचलं नाहीस असं समज, मीही तसंच समजतोय. पायडल चुकून गेलं असेल. मास्तर हल्ली काहीही कुठंही ठेवतात. तर तू मंगळवारी सकाळच्या बसनं ये. मी ‘थोरली’ घेऊन स्टँडवर आणायला येतो. फक्त शेजारी बसलीस की कुत्रं दिसो, माणूस दिसो, पाय आपटू नकोस. खाली आता काही नाही.